दोघींच्या मापाची सायकल

गल्लीतली सगळी माणसं तिला वन्सं म्हणत. नातं खरं म्हणजे एकीचंच, तिच्या भावजयीचं. पण भावजयीने हाक मारावी आणि गल्लीने ती उचलावी, असं होता होता दूधवाला वन्सं म्हणू लागला, समोरची मास्तरीण म्हणू लागली, आणि कारखान्याच्या मुकादमाच्या तोंडातही तेच बसलं. ती त्यावर काही बोलली नाही. बोलण्याची तिला फारशी सवयच नव्हती. उंच, हाडापेराने थोराड, चालताना जराशी पुढे झुकलेली. चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं चाकावर वाकून पाठीला तो बाक आला होता.

घरात चार माणसं. मोठा भाऊ मालट्रक चालवायचा आणि घरी यायचा तो पाहुण्यासारखा. हातपाय पसरून झोपायचा, भरपूर जेवायचा आणि पुन्हा निघायचा. वडील पूर्वी रेल्वेच्या मालधक्क्यावर सिग्नल सांभाळत. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली, किंबहुना बसल्या जागी तिला जास्तच धार आली. खिडकीशी त्यांची खाट लावली होती. तिथून गल्लीचं तोंड आणि पुलाचा उतार दिसायचा, त्यामुळे त्यांची नोकरी एका अर्थाने चालूच होती.

आणि चौथी वहिनी. ठेंगणी, चपळ, बोटं सदा पांढरी पडून सुरकुतलेली, कारण ती इस्पितळाच्या धुलाईघरात होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा वन्संनी स्वयंपाकघराच्या फडताळातला वरचा कप्पा रिकामा करून दिला, आणि वहिनीचा हात तिथवर पोचत नाही हे दोघींपैकी कुणीच बोलून दाखवलं नाही. वहिनी दर वेळी स्टूल ओढायची. वन्संना ते ओढण्याचं खरखर ऐकू यायचं. दोघींचं भांडण होतं असं नाही. भांडायला निदान बोलावं तरी लागतं. "तुम्ही जेवलात?" "हो. तुम्ही?" एवढ्यावर दिवस निभायचा.

पाळ्या त्यांनी वाटून घेतल्या होत्या, तेही न बोलता. एकदा दोघीही बाहेर असताना वडील उठायला गेले आणि खाटेवरून पडले. वहिनी येईपर्यंत फरशीवर तसेच पडून होते. तेव्हापासून त्यांना क्षणभरही एकटं ठेवायचं नाही असं ठरलं. वहिनीने धुलाईघरातली सकाळपाळी घेतली आणि वन्संनी कारखान्यातली दुपारपाळी. एक आली की दुसरी निघायची. मधे वेळ असा थोडाच, पण बस होती, आणि बस वेळेवर यायची. मग एक दिवस पुलाच्या खांबाला भेग सापडली.

इस्पितळ आणि कारखाना दोन्ही नदीपलीकडे. पुलावर पाटी लागली: अवजड वाहनांना बंदी, फक्त पायी आणि सायकलने. बस दूरच्या पुलावरून वळसा घालून जाऊ लागली, म्हणजे वहिनी घरी पोचायची तेव्हा वन्संच्या कारखान्याचा भोंगा होऊन गेलेला असायचा. घरात वडिलांची मालधक्क्यावरची सायकल होती, कंदील आणि पाने-हातोडे लादून जन्मभर वापरलेली. गल्लीत तिला लोखंडी म्हैस म्हणत. वहिनीला ती पुलाच्या चढावर ढकलत न्यावी लागायची. वन्सं उंच, त्यांना चालवता यायची, पण म्हैस ती म्हैस. कितीही पाय मारा, ती आपल्या मनाने चालणार. त्यांना कारखान्याचं फाटक एकदा बंद मिळालं. दुसऱ्यांदा मिळालं तेव्हा मुकादम गजांतून म्हणाला, "वन्सं, पुढच्या वेळी माझ्या हातात काही राहणार नाही."

त्या संध्याकाळी वन्संनी आपणहून तोंड उघडलं. वहिनी कपडे घडी घालत होती.

"आपल्याला पळणारी सायकल पाहिजे," वन्सं म्हणाल्या.

"दोन?"

"दोन कुठून आणायच्या? एकच. तुम्ही घेऊन याल, मी घेऊन जाईन."

वहिनीने घडी घातलेला पंचा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "मग ती मला पण चालवता आली पाहिजे," ती म्हणाली. "आणि तुम्हाला पण."

खाटेवरून वडील म्हणाले, "एक रूळ, दोन गाड्या. टक्कर होईल बघा."

रविवारी मास्तरणीला वडिलांपाशी बसवून दोघी पहिल्यांदाच बरोबर बाहेर पडल्या. आधी गेल्या मोठ्या रस्त्यावरच्या, काचेच्या दर्शनी भिंतीच्या सायकल-दुकानात. विक्रेत्याने त्यांना एक झगझगीत सायकल दाखवली. जाडजूड टायर, पुढे-मागे स्प्रिंगा, आणि गियर इतके की मोजता मोजता पोरगं शाळेत जाईल. दगडधोंड्यांतून जाते, म्हणाला. "आम्हाला दगडधोंड्यांतून नाही, पुलावरून जायचंय," वन्सं म्हणाल्या. वहिनीने ती दोन्ही हातांनी उचलली. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलणारे हात ते, त्यांना वजन कळायचं. तिने सायकल खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "ही आपल्याला नेणार, का आपण हिला?" विक्रेता हसला नाही. वन्संना हसू आलं, आणि ते आपल्याला आलं याचंच नवल वाटलं.

दुसरी सायकल इस्पितळातल्या एका कारकुनाची, त्याच्या घरी जिन्याखाली उभी. हलकी होती, किंमतही बेताची. वहिनी जवळजवळ हो म्हणणार होती. वन्संनी ती ओढून दारातल्या उजेडात आणली, काच बघतात तशी तिरपी करून बघितली. फ्रेमच्या एका सांध्यावर रंग जरा जास्त जाड होता, त्याखाली वळासारखा उंचवटा.

"हिला कधी जोड दिलाय?"

कारकून म्हणाला, "थोडासा. पण भक्कम आहे हो."

"असेल," वन्सं म्हणाल्या, आणि दोघी निघाल्या.

दुपार कलायला आली तेव्हा त्या पुलाच्या पायथ्याशी आरेकाकाच्या टपरीवर आल्या. हा म्हातारा चाक कानाशी धरून एकेक आरा बोटाने छेडायचा आणि सतारवाल्यासारखा जुळवत बसायचा, म्हणून आरेकाका. टपरीच्या छताला हुकावर एक रेसर सायकल टांगलेली होती. फिकट हिरवा रंग, खाली वळलेलं हँडल, करंगळीएवढे टायर. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एका माणसाची. तो शर्यती खेळायचा. कंबर गेली तशी सायकल आरेकाकाकडे आली.

"ती कितीला?" वन्संनी विचारलं.

आरेकाकाने दोघींकडे पाहिलं. एकीकडे मान वर करून, एकीकडे खाली करून. "कुणाला पाहिजे?"

"दोघींना."

"म्हणजे आधी कोण चालवणार?"

"आधी ही, मग मी. रोज."

तो बराच वेळ हसत राहिला. मग सायकल खाली उतरवून म्हणाला, "दोघींच्या मापाची सायकल जगात नसते, बाई. दोघींना थोडी थोडी बोचेल, अशी असते. बसा बघू."

वहिनी तिच्यावर टाच उचलून उभी राहिली तेव्हा मधला दांडा जेमतेम सुटला. वन्सं बसल्या तर गुडघे कोपरांना भिडायला आले. आरेकाकाने सीटच्या नळीला खटका बसवून दिला, बोटाने उघडला की सीट वर-खाली होणारा. हँडल एका छोट्या तुकड्याने जवळ ओढून घेतलं. वहिनीची बोटं आखूड, ब्रेकपर्यंत पोचेनात, म्हणून त्याने ब्रेकच्या मुळाशी रबराची चकती सारली आणि ते हाताशी आणले. पैलतीरावर चिखल असायचा, त्यासाठी पातळ मडगार्ड लावले. टायरवरून मात्र जुंपली. पुलाच्या सांध्यांमध्ये फटी होत्या, वन्संना जरा रुंद टायर हवे होते.

"जाड टायर घातलेत तर पळायची नाही," आरेकाका म्हणाला.

"फटीत चाक अडकलं तर ती पळेल हो, मी पळणार नाही."

त्याने पुटपुटत टायर बदलले. वन्सं लगेच पुलाच्या चढावर एक फेरी मारून आल्या. गेल्या तेव्हा म्हशीला मारायचे तसे जोरात पाय मारले, आणि सायकल अशी निसटली की त्यांनी घाबरून दोन्ही ब्रेक दाबले. परत आल्या तेव्हा चेहरा लाल झाला होता.

"कशी आहे?" वहिनीने विचारलं.

"हिला बोलावं लागत नाही," वन्सं म्हणाल्या.

किंमत काचेच्या दुकानातल्या सायकलीच्या अर्ध्यावर आली. भाऊ त्या आठवड्यात घरी आला तेव्हा म्हणाला, मी देतो की. दोघी एकदमच "नको" म्हणाल्या. दोघींचं एकमत झालेली ती त्या घरातली बहुधा पहिलीच गोष्ट. वडिलांनी खिडकीतून सायकल पाहिली. "हिची शिंगं खाली कशी गेली? पडली होती का?"

वहिनीने नवऱ्याची जुनी पँट उसवून आपल्या मापाची केली. ती घालून, पाठ आडवी करून ती पहाटे गल्लीतून निघाली तेव्हा दूधवाला थबकून बघत राहिला. मास्तरीण म्हणाली, "अशी वाकून का चालवते? काही हरवलंय का?" पण आठवडाभरात वहिनी इतक्या लवकर घरी पोचू लागली की वन्संना डबा बांधायलाही निवांतपणा मिळायला लागला, आणि मास्तरणीने बोलायचं सोडलं.

घराच्या फाटकापाशी सायकलीची देवघेव व्हायची. वहिनी उतरायची, वन्सं खटका उघडून सीट वर घ्यायच्या आणि निघायच्या. सुरुवातीला तेवढ्यात फक्त कामाचं बोलणं व्हायचं. बाबांना गोळी द्यायची राहिली आहे. दूध आत ठेवलंय. मागच्या चाकात हवा कमी वाटते. पण सीट वर करताना दोघींचे हात कामात असतात आणि डोळे सायकलवर. तसं असलं की माणूस सहज बोलून जातो. एक दिवस वहिनी म्हणाली, "आज एका सर्जनच्या झग्याच्या खिशात उकडलेलं अंडं निघालं. सोललेलं." वन्सं निघाल्या खऱ्या, पण पूल ओलांडेपर्यंत त्यांना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की मुकादम स्वतःचा चष्मा डोक्यावर ठेवून सबंध कारखान्यात शोधत होता, आणि पन्नास जणांपैकी कुणीही त्याला सांगितलं नाही.

हळूहळू दोघींना एक कसब आलं. सीट सरकवायला लागतो तेवढ्या वेळात अख्खी गोष्ट सांगायची, आधी गाभा, मग हसू, आणि उरलेलं उद्या. दिवसभर दोघी काय काय जमवून ठेवायच्या. धुलाईघरात वाफेत उभी असताना वहिनीला काही दिसलं की ती मनात म्हणायची, हे वन्संना सांगायचं. आणि वन्सं सायकलवर बसल्या की हँडलवरची कापडी पट्टी अजून कोमट असायची. तिला साबणाचा वास यायचा. पुलाच्या मध्यावर पोचेपर्यंत ती ऊब जायची, तोवर त्या तिथेच हात धरून ठेवायच्या. हे मात्र त्यांनी वहिनीला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

फडताळातलं सामान कधी खालच्या कप्प्यात आलं ते कुणाच्या लक्षात नाही. स्टूल मोरीत गेलं.

मग ती दुपार आली. वन्सं डबा घेऊन फाटकात उभ्या, आणि वहिनी येईना. खिडकीतून वडील म्हणाले, "सिग्नल पडला नाही अजून." वन्संनी मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा, "लाइन मोकळी आहे. गाडीच नाही." वन्संच्या डोळ्यांपुढे पुलाच्या फटी आल्या, ट्रक आले, इस्पितळ आलं. मास्तरणीला हाक मारावी का, पुलापर्यंत पळत जावं का, असं चाललं असताना पुलाच्या उताराऐवजी भलत्याच बाजूने, नदीच्या अंगाने, हिरवी सायकल आली. वहिनी उतरली. केस सुटलेले, गाल लाल, पँटीवर चिखलाचे शिंतोडे.

"कुठे होतीस तू?" वन्सं म्हणाल्या.

तोंडून 'तू' गेलं होतं. दोघींनाही ते ऐकू गेलं.

"नदीकाठच्या रस्त्याने आले."

"पडलीस का कुठे? पूल बंद होता?"

"नाही." वहिनीने खाली बघितलं. खोटं सुचलं असतं तर बरं झालं असतं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "वारा पाठीमागून होता, वन्सं."

वन्संनी सीट वर केली, खटका असा आपटला की वडिलांनी खिडकीतून मान काढली, आणि त्या निघाल्या. चढावर त्यांनी जितके पाय मारले तितके कधी मारले नव्हते. पण भोंगा पुलावरच ऐकू आला. फाटक बंद. मुकादम आतून दिसला, त्याने हात हवेत उडवले. या वेळी त्याने नोंद केली नाही, घरी जा म्हणाला आणि तोंड फिरवलं. तो बरा माणूस होता. पण अर्धा दिवस गेला तो गेलाच.

वन्सं फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. भर दुपारी, काम नाही, घरी वडिलांपाशी वहिनी आहे, आणि हातात सायकल. असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. वहिनीला काय काय बोलायचं ते जुळवत त्या परत निघाल्या, आणि पुलाचं तोंड आलं तेव्हा न वळता सरळ गेल्या. बघू तरी, म्हणाल्या, काय सोनं लागलंय त्या रस्त्याला.

नदीकाठचा रस्ता लांबचा, खालच्या पायपुलाने येणारा. सपाट, रिकामा, एका बाजूला बांध आणि दुसऱ्या बाजूला वखारींच्या भिंती. वळण घेतलं आणि पाठीवर कुणी हात ठेवल्यासारखा वारा आला. पाय आपोआप हलके झाले. वन्संनी गियर वर चढवला, मग आणखी एक. हँडलचा खालचा वळलेला भाग त्यांनी आजवर कधी धरला नव्हता, तो धरला. पाठीचा तो बाक, ज्याला कारखान्यातल्या बायका "वन्संची कमान" म्हणून हसायच्या, तो त्या सायकलवर अगदी जिथल्या तिथे बसला. वारा त्यांच्याच वेगाने चाललेला, त्यामुळे कानात आवाज नाही, फक्त चेनची सळसळ. वखारींच्या भिंती मागे जात राहिल्या. शाळेच्या वयात टेकडीवरून पळत सुटताना, थांबायचं कसं हे माहीत नसताना, जे पोटात व्हायचं, ते पुन्हा झालं. रस्ता संपला तेव्हा त्या थांबल्या आणि एका पायावर उभ्या राहून दम खात राहिल्या. राग कुठे गेला ते त्यांनी शोधलं नाही.

घरी आल्या तेव्हा वडील म्हणाले, "अवेळी गाडी. सूनबाई, बघ गं, तुझी नणंद अपवरून डाउनला आली."

वहिनी बाहेर आली, हात पुसत. काही तरी मोठं ऐकून घ्यायची तयारी करून आलेली.

वन्सं म्हणाल्या, "वारा होता खरा."

वहिनीने आधी त्यांच्या कपड्यांवरचे शिंतोडे पाहिले आणि मग त्यांच्या तोंडाकडे. मग ती दाराच्या चौकटीला टेकून हसू लागली, आणि वन्संही फाटकातच सायकलवर ओणव्या होऊन हसल्या. आत वडील विचारत राहिले काय झालं, काय झालं. कुणी सांगितलं नाही.

त्यानंतर 'तू' गेलं नाही. वहिनीही मागे राहिली नाही, "वन्सं, तू" म्हणू लागली, आणि ते कानाला इतकं विचित्र लागायचं की मास्तरीण पहिल्यांदा ऐकून भाजी करपवून बसली. रविवारी दोघी आळीपाळीने नदीकाठी जायच्या. एकीने जायचं, दुसरीने वडिलांपाशी बसायचं, आणि आलेलीने सगळं सांगायचं: वखारीचं दार निळं रंगवलंय, बांधावर कुणी तरी खुर्ची आणून ठेवली आहे. बरोबर त्या कधीच गेल्या नाहीत. जाणार कशा? सायकल एक, वडील एक.

पुढे वन्संना कुणी त्यांच्या चांगल्या दिवसांबद्दल विचारलं, तर त्या हेच दिवस सांगायच्या. ऐकणाऱ्याला नवल वाटायचं. घरात आजारी माणूस, भोंग्याची धास्ती, रोजची धावपळ. यात चांगलं काय?

वडील एका सकाळी उठलेच नाहीत. शांतपणे गेले. वहिनी त्या दिवशी कामावर जायला निघाली होती, सायकलची सीट खाली घेत होती, तेवढ्यात वन्संनी आतून हाक मारली. भाऊ दुसऱ्या दिवशी पोचला. चार दिवस घर माणसांनी भरलं आणि मग रिकामं झालं. खाट खिडकीशीच राहू दिली.

आता पाळ्या वेगळ्या ठेवायचं कारण उरलं नव्हतं. वन्संनी सकाळपाळी मागून घेतली. त्याच सुमाराला पुलाचा खांब दुरुस्त झाला आणि बस पुन्हा सुरू झाली. दोघी बरोबर बसने जाऊ लागल्या, बरोबर येऊ लागल्या. संध्याकाळी एक भाजी चिरायची, दुसरी शिजवायची. दोघींना वाटलं होतं, आता बोलायला दिवस पुरणार नाही. पण झालं उलटंच. बसमध्ये वहिनी सांगायला सुरुवात करायची, "अगं आज..." आणि मग म्हणायची, "घरी गेल्यावर सांगते." घरी गेल्यावर म्हणायची, "जेवताना सांगते." आणि जेवताना मिठावरून बोलणं व्हायचं. सायकल जिन्याखाली उभी. रविवारी कधी वन्सं न्यायच्या, कधी वहिनी, पण आलेलीला सांगायला काही नसायचं, कारण दुसरी विचारायला दारात नसायची.

मग भावाला दूरच्या एका शहरात डेपोत कायमची जागा मिळाली. आता रात्र रात्र ट्रक हाकायला नको, घर मिळणार. वहिनीला तिथल्या इस्पितळात कामही मिळालं. वन्संना भाऊ म्हणाला, तूही चल. त्या म्हणाल्या, "माझा कारखाना इथे आहे." ते खरंच होतं, आणि त्यापलीकडे त्यांना काही म्हणायचंही नव्हतं.

सामान ट्रकमध्ये चढत असताना वन्सं जिन्याखालची सायकल घेऊन आल्या. चेन पुसलेली, टायरमध्ये हवा भरलेली.

"ही तू ठेव," वहिनी म्हणाली.

"मला बस आहे. तुला तिथे लांब पडेल."

"तुझीच ती. तू निवडलीस."

"दोघींनी निवडली. तुझ्या मापाची आहे, मला गुडघे लागतात." मग वन्सं थांबल्या, आणि इतकी वर्षं न सांगितलेलं बोलून गेल्या. "मला दुपारी हँडल गरम मिळायचं. तू आलेली असायचीस ना."

वहिनीने हँडलला हात लावला. "मला तर कायम थंडगार मिळायची," ती म्हणाली. "पहाटेची. दव पडलेली. मी पुलापर्यंत एका हाताने चालवायचे आणि दुसरा खिशात ठेवायचे."

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? कुणी तरी गरम न्यायची तर कुणी तरी थंड न्यायला नको?"

भावाने वर उभं राहून सायकल ओढून घेतली आणि गाद्यांवर आडवी टाकली. ट्रक गल्लीतून वळला. वन्सं आत आल्या आणि भांडी घासायला बसल्या, कारण ती पडली होती.

महिनाभर त्या बसने गेल्या. मग एक दिवस सुटी काढून काचेच्या दुकानात गेल्या. विक्रेता बदलला होता, सायकलीही. आता हलक्या, सरळ रस्त्याच्या, माफक किमतीच्या सायकली ओळीने उभ्या होत्या. वन्संनी आधी एकेक उचलून पाहिली. मग सांधे तिरपे करून पाहिले, टायर रुंद बसतील का ते पाहिलं, मडगार्डासाठी भोकं आहेत का ते पाहिलं. दोन सायकली बाजूला काढल्या, त्यातली स्वस्त होती तिचे ब्रेक दाबले आणि ती ठेवून दिली. महाग होती तीही कारखान्यातल्या बाईला परवडू नये एवढी महाग नव्हती.

"कुणाच्या मापाची पाहिजे?" विक्रेत्याने विचारलं.

"माझ्या."

"घरात आणखी कुणी चालवणार आहे का? तसं असेल तर मधलं माप..."

"नाही," वन्सं म्हणाल्या. "मोठं माप काढा."

ती राखाडी सायकल त्यांना शिवून आणल्यासारखी बसली. हात मोकळे लांब झाले, गुडघे कशालाच लागेनात, पायडल खाली गेलं की पाय पुरा सरळ व्हायचा. पहिल्याच सकाळी त्या पुलावर अशा गेल्या की दोन बसेस मागे पडल्या. कारखान्याला पोचल्या तेव्हा फाटक अजून उघडायचं होतं. मुकादम पिशवीतून किल्ल्या काढत होता. "वन्सं," तो म्हणाला, "आज काय झोपलाच नाहीत का?" त्या हसल्या. फाटक उघडेपर्यंत त्यांना तिथे उभं राहावं लागलं, आणि एवढ्या वेळाचं काय करायचं हे त्यांना सुचेना.

त्या सायकलवरून त्यांनी पुढची सगळी नोकरी केली. पावसाळे, थंड्या, एकदा घसरून मनगट मोडलं तेही. कारखान्यातल्या तरुण मुली सायकल घ्यायची झाली की त्यांना बरोबर नेऊ लागल्या. वन्सं दुकानात फार बोलायच्या नाहीत, सायकल उचलून मुलीच्या हातात द्यायच्या आणि तिचं तोंड बघायच्या. घाईने हो म्हणणारीला बाहेर आणून पाणी प्यायला लावायच्या. एकीने विचारलं, "वन्सं, सगळ्यांत चांगली सायकल कुठली?" त्या म्हणाल्या, "जिच्यावरून उतरताना तुला काही तरी सांगावंसं वाटेल ती." मुलगी बुचकळ्यात पडली. वन्संही आपण हे काय बोललो म्हणून ओशाळल्या आणि टायरची रुंदी समजावू लागल्या.

वन्सं निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी वहिनी चार दिवस राहायला आली. केस पिकलेले, थोडी अंगाने भरलेली. फोनवर दोघी बोलायच्या, पण ते बोलणं म्हणजे तब्येत आणि हवापाणी. आल्या आल्या वहिनीने राखाडी सायकल गल्लीत नेली, सीट पार तळाला नेली आणि वर चढली. पायाची बोटंसुद्धा पायडलला लागेनात. ती भिंतीला धरून तशीच बसून राहिली.

"हिरवी कुठे आहे?" वन्संनी विचारलं.

"आहे. रोज नेते. आता गियर बदलला की खोकते."

"चेन बदल."

"बदलली. तिचं वय झालंय, वन्सं. आपल्यासारखंच."

चार दिवस चांगले गेले. दोघींनी फडताळ आवरलं, भावाच्या रक्तदाबाबद्दल बोलणं झालं, दुपारी झोपा काढल्या. एकदा पुलावर पायी फिरून आल्या. गप्प बसायलाही आता बरं वाटत होतं. पूर्वीच्या गप्प बसण्यात आणि यात फरक होता. निघायच्या दिवशी वन्सं तिला बसथांब्यावर सोडायला गेल्या. लांबून बस दिसली, आणि वहिनीने पिशवी खाली ठेवली.

"अगं, एक सांगायचं राहिलंच," ती भराभर म्हणाली. "आमच्या धुलाईघरात नवी मशीन आली, तिच्या उद्घाटनाला मोठे डॉक्टर आले, आणि त्यांचा टायच आत गेला. टाय आत, डॉक्टर बाहेर. मीच बटण दाबून सोडवलं. तेव्हापासून मला बघितलं की गळ्याला हात लावतात."

वन्सं हसता हसता म्हणाल्या, "आणि माझं ऐक. मी निवृत्त होतेय पुढच्या वर्षी. मुकादम गेला, नव्या मुकादमाने मला मुलींना शिकवायला राहा म्हणून सांगितलंय. अर्धा दिवस. राहू का?"

बस थांबली. वहिनी पायरीवर चढली, मागची माणसं ढकलत होती.

"राहा," ती वळून म्हणाली. "सकाळपाळी घे. आणि दुपारी मला फोन कर, कामावरून आल्या आल्या, चप्पल काढायच्या आत."

वन्संनी मान डोलावली. बस गेल्यावर त्या थांब्यावरच्या बाकावर थोडा वेळ बसल्या, मग घरी आल्या आणि कारखान्याला कळवायचं ठरवून टाकलं.